जागेचे कपडे

माणसांचे कपडे मी शिवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण दारात मशीन दिसली की बाया ब्लाउजपीस घेऊन येतात आणि नाही म्हटलं की फणकारतात. मी जागेचे कपडे शिवते. लग्नाच्या मांडवाचं छत, बाजूच्या कनाती, झालरी, ट्रकवरची ताडपत्री, पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढलेल्या होडीचं पांघरूण, पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून बांधायचा पडदा. लग्न होऊन नागावात आले तेव्हा आमच्या ह्यांचा मांडवाचा धंदा होता. बांबू, दोऱ्या आणि माणसं त्यांची, कापड माझं, अशी वाटणी झाली ती अजून चालू आहे. आता ह्यांचे गुडघे गेलेत आणि माझे डोळे कुरकुरतात, पण मशीन चालते.

दिवाळी अंकवाल्यांचा निरोप आला, सुमनकाकी, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. मी दोन पानं लिहून ह्यांना वाचून दाखवली. हे म्हणाले, "झालरी फार लावल्यास. छत कुठाय?" ह्यांचं बोलणं असंच, पण म्हणणं खोटं नव्हतं. ती पानं फाडली आणि मनात सर्वांत जास्त घर करून बसलेली गोष्ट लिहायला घेतली.

आधी धंदा थोडा समजावून सांगते. नवशिक्या माणसाला वाटतं की छत ताठ ताणलं म्हणजे चांगलं. ताठ छत पहिल्या वाऱ्याला फाटतं. कापडाला मधे पोट सोडावं लागतं, आणि एका कोपऱ्यात वाऱ्याला बाहेर जायला फट ठेवावी लागते. मी तिला मांडवाचं नाक म्हणते. ज्या मांडवाला नाक नाही तो खाडीचा वारा सुटला की उडायला बघतो, मग वऱ्हाडी जेवता जेवता बांबू धरून बसतात. दुसरं म्हणजे, छत धुताना लग्न कसं झालं ते कळतं. हळदीचे डाग वरपर्यंत गेले असतील तर घरची माणसं हौशी. आमटीचे डाग वर गेले असतील तर भांडण झालं.

काही वर्षांमागे चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्या गावातली निम्मी छपरं उडाली. नारळी-पोफळी आडव्या झाल्या, पत्रे शेजारच्या वाडीत जाऊन पडले, कौलांचा तर चुरा झाला. ताडपत्री अलिबागलाही मिळेना. आमच्या गोदामात मात्र लग्नाची छतं होती. गुलाबी, पिवळी, सोनेरी झालरीची. पण मांडवाचं छत पाऊस अडवत नाही, नुसता गाळतं. मग खताच्या रिकाम्या गोण्या उसवल्या, त्यांचं प्लॅस्टिक छतांना वरून जोडलं, आणि गाव झाकायला काढलं. हात सुजले माझे. आमच्या गल्लीतल्या भिकूतात्यांच्या घरावर गुलाबी छत घातलं तर म्हातारा खाली खाटेवर बसून वर बघत म्हणाला, "सुमन, मरायच्या वयात मला बोहल्यावर चढवलंस." आतून तात्यांच्या बायकोचा आवाज आला, "नवरी कोण ते आधी विचार तिला." पाऊस धो धो पडत होता आणि आम्ही सगळे हसत होतो.

त्या दिवसांपासून माझ्या डोक्यात एक पक्कं बसलं. डोक्यावर छप्पर दिलं की घर दिलं. आपल्या हाताने किती घरं उभी राहिली, असं मी चारचौघींत सांगायचे, आणि मला त्याचा गर्व होता.

मग गेल्याच्या गेल्या थंडीत इरा आली. मुंबईची मुलगी, तिशीच्या आतबाहेर, किहीमला एक कॉटेज घेऊन राहिलेली. केस कापलेले, पायात पुरुषी चपला, बोलणं मात्र गोड.

"काकी, मी कलाकार आहे. मला एक घर शिवून हवंय."

"चित्रं काढतेस?"

"नाही. मांडणशिल्प करते. म्हणजे वस्तू एका जागेत अशा मांडायच्या की माणूस आत शिरल्यावर त्याला काहीतरी वाटलं पाहिजे."

आतून हे ओरडले, "म्हणजे मांडवच की."

इरा खळखळून हसली आणि म्हणाली, अगदी तसंच. तिची एकच अट होती. नवं कापड वापरायचं नाही. प्रत्येक तुकडा कधी ना कधी कुणाच्या तरी डोक्यावर किंवा आडोशाला असलेला पाहिजे. मी विचारलं, "यात राहायला कोण येणार?" ती म्हणाली, "राहायला कुणी नाही, बघायला येतील." मला ते काही पटलं नाही. राहायचं नाही तर घर कशाला म्हणायचं, असं मी तोंडावर म्हटलं. ती म्हणाली, "तेच तर मला शोधायचंय, काकी." वर म्हणते कशी, तुकडे धुवायचे नाहीत. मी कपाळावर हात मारला. शेवटी उन्हात झटकून घ्यायचे, यावर आमची तडजोड झाली.

मग आम्ही दोघी गावं फिरलो. दिनू ट्रकवाल्याने जुनी ताडपत्री दिली. घर आहे त्याचं, दोन मजली, पण महिन्यातले बरेच दिवस तो ट्रकखाली हीच पसरून झोपतो आणि घरी गादीवर त्याला झोप लागत नाही. रेवदंड्याच्या चंद्राबाईने होडीचं पांघरूण दिलं. पावसाळ्यात होडी बाळंतिणीसारखी सांभाळावी लागते, असं ती सांगत होती. भिकूतात्या तोवर गेले होते, त्यांच्या बायकोने गुलाबी छताचा तुकडा ट्रंकेतून काढून दिला. आणि इराने स्वतः एक पडदा आणला. निळा, विटलेला. खालच्या काठाला दुमडीच्या ओळीच ओळी.

"ह्याला किती वेळा उसवलंय गं?"

"आम्ही भाड्याच्या घरात राहायचो. अकरा महिने झाले की नवं घर. आई प्रत्येक खिडकीला हाच पडदा लावायची. खिडकी मोठी असली की दुमड सोडायची, लहान असली की घालायची." तिने एकेका ओळीवर बोट ठेवून जागांची नावं सांगितली, दादर, मुलुंड, कळवा, पनवेल. मी तो पडदा उजेडाला धरला. शिवणारणीला काठ वाचता येतो. त्या बाईने कुठलीच दुमड इस्त्रीने मोडली नव्हती, कारण पुढच्या घरी लागली तर असावी.

तेव्हाच बायजाचं बिऱ्हाड आमच्या मागच्या शेतात उतरलेलं होतं.

बायजा घाटावरची धनगरीण. दिवाळी उलटली, भातं झोडून झाली की हे मेंढपाळ घाट उतरून आमच्याकडे येतात. रिकाम्या शेतात रात्री मेंढरं बसवतात. शेताला खत मिळतं, मेंढरांना चारा, आणि शेतकरी वर थोडं भात देतो. पुरुष मेंढरं चारत मागून येतात. बाया घोड्यांवर संसार लादून पुढे येतात आणि पुरुष पोचायच्या आत घर उभं करतात. आमच्या मागचं शेत नारायणदादाचं. बायजा नवी नवरी असल्यापासून तिथे उतरायची, आणि माझ्याकडे पाल शिवायला आणायची. पाल म्हणजे तिच्या राहुटीचं कापड. त्याला इतकी ठिगळं होती की मूळ कापड कुठलं ते शोधावं लागायचं. मी दर वर्षी तिला बोलायचे, "बायजा, टाकून दे गं हे. नवं शिवते." ती म्हणायची, "आक्का, ह्ये जुनं न्हाई झालं, मऊ झालंय."

नारायणदादाच्या बांधावर पावसाळ्यात तीन काळे दगड असायचे. नवी होते तेव्हा मला वाटलं होतं कुठला तरी देव बसवलाय, मी लांबून नमस्कारही करायचे. एकदा दादा हसला. "देव न्हाय वयनी, बायजाची चूल हाय." बायजा जाताना चुलीचे दगड शेतातच ठेवून जायची. नांगरणीच्या आधी दादा ते उचलून बांधावर मांडायचा, जसेच्या तसे, धुराने काळी झालेली बाजू आत. पावसाने काजळी धुऊन जाऊ नये म्हणून, असं तो म्हणायचा. भात कापून झालं की दगड परत शेतात.

इराला ही गोष्ट सांगितली तशी ती पळतच बायजाकडे गेली. बायजाने तिला चहा पाजला आणि जुनं पाल द्यायला कबूल झाली, मी नवं शिवून दिल्यावर. देताना त्यावरून एकदा हात फिरवला आणि घडी करून दिलं.

त्या उन्हाळ्यात नारायणदादाचं शेत विकलं गेलं. मुलींची लग्नं, मुलगा पुण्याला, दादाला दम्याने धरलेलं. कुणाला दोष द्यायचा? आमच्याकडे शेत आणि बंगला यांच्यामध्ये आता फार अंतर राहिलेलं नाही. जेसीबी आला, मातीचा भराव पडला, बांध मोडला. मला दगडांची आठवण झाली तशी मी पदर खोचून धावले. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, दगड तर हजार आहेत, तुमचे कुठले?" मी ढिगाऱ्यात संध्याकाळपर्यंत हात घातले. काळे दगड काही सापडले नाहीत.

आता बायजा कुठे उतरणार? मी गावात विचारत सुटले. कुणी पांढरा कांदा लावणार होतं, कुणी वाल, कुणाचं शेत प्लॉटिंगला दिलेलं. मोकळं शेत एकच, खाडीच्या अंगाचं, महादूआबाचं. त्याचं नावच काढायची सोय नव्हती. फार मागे एका दुसऱ्या कळपाने त्याचा वाल खाल्ला होता, ती गोष्ट तो काल झाल्यासारखी सांगायचा. "मेंढरू म्हंजे चार पायांचा विळा हाय, वयनी. माझ्या बांधाला लागू देनार न्हाय." मी बायजाच्या मुलाच्या मोबाईलवर फोन लावला आणि खरं ते सांगितलं. बायजाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् माजं दगड?"

मी म्हटलं, "मातीखाली गेले गं."

"बरं," ती म्हणाली. "येतो तर खरं. बगू."

पावसाळाभर मी इराचं घर शिवलं. नायलॉनच्या दोऱ्याला मेण लावून, जाड सुईने, तुकड्याला तुकडा जोडत गेले. ताडपत्रीला छत जोडणं म्हणजे रेड्याला वासरू जुंपणं, एक ओढतं आणि दुसरं फाटतं. प्रत्येक तुकड्याचा ताण वेगळा. बायजाचं पाल कुठे घालायचं ते मला कळेना. शेवटी मधोमध घातलं, कारण सगळ्यांत मऊ तेच होतं आणि पोट तिथेच सोडायचं होतं.

इराने जागा मिळवली ती नेमकी महादूआबाच्या शेतात. या म्हाताऱ्याने मला पावसाळाभर दाद दिली नाही आणि त्या पोरीला दोन वाक्यांत हो म्हणाला. मी जाब विचारला तर म्हणतो, "तिचं घर चरत न्हाय."

भात कापून झाल्यावर ह्यांनी तिथे खुर्चीवर बसून बांबू लावून घेतले. कापड वर चढलं त्या दुपारी मी पहिल्यांदा आत गेले. आता हे कसं सांगू? मी जन्मभर छतं शिवली ती जमिनीवर पसरून, मान खाली घालून. वर चढवलेलं छत खाली उभं राहून निवांत बघायला मला कधी वेळच नव्हता, तोवर पुढची तारीख असायची. त्या दिवशी मान वर केली आणि तशीच राहिले. प्रत्येक भोकातून ऊन येत होतं. दिनूच्या ताडपत्रीला दोरीने पडलेली भोकं, पालाच्या ठिगळांच्या कडा, निळ्या पडद्यावरच्या दुमडींच्या फिकट रेघा, सगळं उजळलेलं. वारा आला की ते पोट हळूच खाली यायचं आणि वर जायचं, झोपलेल्या माणसाचं हलतं तसं. जमिनीवर उजेडाचे ठिपके सरकत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. हे आपण शिवलं, असंसुद्धा मनात आलं नाही. एवढ्या लोकांची झोप डोक्यावर आहे, एवढंच वाटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं आली. मुंबईहून आली, अलिबागहून आली, पण बघण्यासारखी होती ती आमची. आत शिरायची आणि आपला तुकडा शोधायची. भिकूतात्यांची बायको गुलाबी तुकड्याखाली जाऊन बसली आणि उठेचना. चंद्राबाई आपल्या पांघरुणाखाली चक्क आडवी झाली. कुणी कुणाला काही विचारत नव्हतं, नुसतं बोट वर करून सांगायचं, हे आमचं.

त्या दुपारी आमच्या मागच्या नव्या कंपाउंडपाशी घोडी खिंकाळली. मी धावत गेले. बायजा भिंतीला हात लावून उभी होती. सोबत तिची जाऊ आणि सून, तीन घोडी, घोड्यांवर भांडी, अंथरुणं, डालग्यात कोंबड्या, आणि एका गाठोड्यातून तोंड काढलेलं कोकरू. शेत गेल्याचं तिला माहीत होतं, तरी पाय आधी तिथेच आले होते.

"मेंढरं माग्नं येत्याती," ती म्हणाली. "अंधाराच्या आत जागा लागंल, आक्का."

मला वाटलं, देवानेच वेळ साधली. डोक्यावर छप्पर द्यायला मी बसलेलीच. सगळ्यांना घोड्यांसकट घेऊन खाडीकडे गेले, इराला बाजूला घेऊन सांगितलं. इराचा चेहरा असा उजळला की बोलायची सोय नाही. महादूआबा तिथेच टेहळणीला होता. तो कुरकुरत म्हणाला, "कापडाच्या घरात बाया ऱ्हातील तर ऱ्हाऊ दे. मेंढरं न्हाय."

मी बायजाला आत नेलं. तिने मान वर केली आणि आपलं पाल ओळखलं. सगळी माणसं जागा सोडून बाजूला झाली. हिरवं ठिगळ दाखवून ती सुनेला म्हणाली, "ह्ये माज्या लग्नातलं लुगडं. तुजा नवरा ह्येच्याच खाली झाला, पावसात, माणगावच्या अलीकडं." मग तिने बाकीचे तुकडे एकेक करून बघितले. दोन्ही हात जोडले, कुणाला ते मला कळलं नाही.

मी म्हटलं, "बायजा, इथेच उतर. एवढं मोठं घर आहे, आणि तुझं पाल मधोमध."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावली नव्हती. लहान मुलाला समजावतात तशी म्हणाली, "आक्का, ही लोकांची छपरं हायती. दुसऱ्याच्या छपराखाली आमी चूल मांडत न्हाई. आन् छप्पर आमी घोड्यावर घिऊन फिरतो. जागा न्हाई येत घोड्यावर."

एवढं बोलून ती बाहेर पडली. मी तिथेच उभी राहिले. एवढ्या वर्षांची माझी समजूत, चारचौघींत सांगितलेली, त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या उजेडात पार उसवून गेली होती. आणि खरं सांगू, वाईट वाटलं नाही.

बायजा महादूआबासमोर गेली. पण कशी? आली त्या वाटेने ती मागे फिरली, शेताबाहेर गेली, बांधाच्या पलीकडे उभी राहिली आणि तिथून बोलली.

"मालक, पाय ठिवू का?"

महादूआबाने खाडीकडे तोंड फिरवलं. खाडीवर सूर्य उतरत चालला होता. लांबून मेंढरांचा आवाज यायला लागला होता.

"वाल खातील तुझी मेंढरं."

"वाल हाय कुटं, मालक?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आबाने त्याच्याकडे डोळे वटारले. शेतात खरोखरच खुंटांशिवाय काही नव्हतं, खाडीच्या खारीने ते शेत वाल कधीच नीट देत नव्हतं, आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं. आबा बराच वेळ पायाने ढेकूळ फोडत राहिला.

"एक रात," तो म्हणाला.

बायजाने चपला काढल्या आणि बांध ओलांडला.

मग तिने जे केलं ते मी इतकी वर्षं खिडकीतून कामाच्या नादात बघत आले होते, म्हणजे कधी बघितलंच नव्हतं. तिने शेतात फिरून वारा कुठला आहे ते अंगावर घेतलं. एके ठिकाणी थांबली आणि टाचेने खूण केली. घोड्यांवरचं ओझं उतरलं. कुणी कुणाशी बोललं नाही. जावेने खुंट्या ठोकल्या, सुनेने मेंढरांसाठी जाळीचं कुंपण लावलं, त्याला ते वाघर म्हणतात. बायजाने पाल उभं केलं, मीच शिवून दिलेलं नवं. पाठ वाऱ्याकडे, तोंड कळपाकडे. पाण्याचा हंडा उजवीकडे, देवाची टोपली डावीकडे, कोंबड्यांचं डालगं मागे, कोकरू आत. नारायणदादाच्या शेतात सगळं याच जागी असायचं. तिचा हात न बघता हंड्याकडे गेला आणि हंडा तिथे होता. शेवटी ती बांधाच्या कडेने गेली, तीन दगड हातात तोलून बघितले, आणले आणि मांडले. चूल पेटली. धूर वर गेला, तेवढ्यात मेंढरं आली, आणि ज्या जमिनीवर मघाशी काही नव्हतं तिथे कधीपासून कुणीतरी राहत असल्यासारखं झालं.

मुंबईची माणसं कापडाच्या घरातून बाहेर येऊन उभी होती. फोन काढलेले हात खाली गेले होते. इरा माझ्या शेजारी होती. मला वाटलं, बिचारीचं वर्षाचं काम झाकलं गेलं. पण ती माझा दंड घट्ट धरून हळू आवाजात म्हणाली, "काकी, आई असंच करायची. नव्या घरात गेलो की आधी पडदा, मग गॅस, मग माझं दप्तर." आणि रडायला लागली. बायजाने लांबून बघितलं आणि सुनेला म्हणाली, "तिला च्या दे."

सकाळी महादूआबा शेतात आला. वाकला, लेंड्या मुठीत घेतल्या, चुरल्या, वास घेतला. दुसरी रात्र झाली, तिसरी झाली, त्याने जा म्हटलं नाही आणि बायजाने विचारलं नाही. कळप शेताच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बसून झाला. इराचं घर उतरलं, तेव्हाही पाल उभं होतं.

मग बिऱ्हाड हललं. दगड जिथल्या तिथे राहिले. मी बायजाला म्हटलं, "अगं, पुढच्या वर्षाचं विचारून तरी घे आबाला."

"त्वांडानं इचारायचं नसतं, आक्का. दगड ठिवायचं. मालकानं फेकून दिलं तर कळतं. उचलून मांडलं तरी कळतं."

घोडी गेली. मला मात्र घोर लागला. येता जाता मी त्या शेताकडे बघायचे. दगड उन्हात तसेच पडलेले. आबाला विचारायची दोनदा जीभ वळवळली, पण बायजाचं बोलणं आठवून गप्प बसले. हे म्हणायचे, "तुला काय झालंय? दगडाला डोहाळे लागलेत का?"

इराचं घर मुंबईला गेलं, तिथून आणखी कुठे कुठे गेलं. तिने मला एकदा नेलं बघायला. मोठी थंडगार खोली, वर दिवे सोडलेले, माणसं हळू आवाजात बोलत होती. सुंदर होतं. पण बोट वर करून हे आमचं म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, आणि वारा नसल्याने पोट हलत नव्हतं. त्याची मला अजून हळहळ वाटते. बायजाचं पाल मी परत मागायला हवं होतं का, असंही कधी कधी मनात येतं.

पाऊस लागला. भाताच्या आवणीचे दिवस आले, चिखलणी सुरू झाली. एका सकाळी महादूआबाच्या शेतातून पॉवर टिलरचा आवाज आला तशी मी मशीन तशीच सोडली. छत्री घेतली, हे मागून हाक मारत राहिले. खाडीपर्यंत पोचले तेव्हा शेत पूर्ण चिखलून झालं होतं. मधे दगड नव्हते. आबा पलीकडच्या टोकाला पाठमोरा होता, त्याने मला बघितलं नाही.

मग बांधावर नजर गेली.

घरी येऊन मी ओल्या लुगड्यानेच फोन लावला. बायजा तिकडे घाटावर, तिच्या गावी. पाऊस तिकडे कमी होता म्हणाली. मी म्हटलं, "बायजा, दगड बांधावर आहेत."

मग तिने विचारलं, "काळी बाजू आत हाय, का भाईर?"

"आत आहे," मी म्हटलं. "तिन्हींची आत आहे."

"मंग येतो, आक्का."

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्याकडची भातं कापून झालेली असतील, आणि ती घाट उतरत असेल.